नव्वदच्या दशकातला कॅसेटचा व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर नीट का चालत नाही? भंगारात द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की माळा आवरताना जुना कॅसेटचा व्हिडिओ गेम निघाला. एलईडी टीव्हीला जोडला तर मारिओ बटण दाबल्यावर अंमळ उशिराच उडी मारतो, बदकं मारायची बंदूक ढिम्म, आणि मुलगा म्हणतो हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, भंगारवाल्याला देऊन टाका. माझं उत्तर आधीच सांगतो: अजिबात देऊ नका. बंदूक बहुतेक धडधाकट असेल. घोळ टीव्हीचा आहे.

मी हे गेमचे डबे बरीच वर्षं उघडतोय, दुरुस्त करतोय, आणि बंदुकीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्या बंदुकीतून बाहेर काहीच पडत नाही. उलट ती बघते. नळीच्या तोंडाशी एक भिंग, त्यामागे उजेड ओळखणारा बारीकसा भाग. तुम्ही चाप ओढला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागापुरता, सगळा पडदा काळा करतो. लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक येतात, त्यामुळे नेम कुठल्या बदकावर होता तेही गेमला कळतं. आधीची ती काळी फ्रेम कशासाठी, तर ट्यूबलाइटवर नेम धरणाऱ्यांसाठी. ट्यूबलाइट काळ्या फ्रेमच्या वेळीही उजेडच दाखवते, मग गेम तो नेम धरतच नाही. लहानपणी बल्बवर बंदूक रोखून सगळी बदकं पाडणारा एखादा मित्र प्रत्येक गल्लीत असायचा. हे वाचून त्याच्या गोष्टीवर पुन्हा एकदा विचार करा.

मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीच्या मूळ बंदुकीत तर याहून पक्की चाळणी आहे. जुना डबा टीव्ही चित्र एकदम दाखवत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ काढत येतो, आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी. बंदुकीतलं सर्किट साधारण त्याच वेगाने लुकलुकणारा उजेड तेवढा आत घेतं, बाकीचा सोडून देतं. आता तुमच्या एलईडी टीव्हीत तो झोतच नाही, त्यामुळे ती लुकलुकही नाही. शिवाय हा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. गेम बंदुकीला विचारतो "उजेड दिसला का?", त्या क्षणी पडद्यावर अजून आधीचंच चित्र असतं. त्यामुळे टीव्हीच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केलीत तरी ही बंदूक त्यावर चालणार नाही. कॅमेरा बसवलेल्या नव्या बंदुका एलईडीवर चालतात, पण त्या संगणकाला जोडाव्या लागतात, तुमच्या गेमच्या डब्याला नाही.

मारिओची उशिरा उडीही त्याच साठवणुकीमुळे. त्यावर मात्र थोडा इलाज आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावा, फरक जाणवेल. पूर्ण जाईल असं नाही, कारण बरेच नवे टीव्ही या जुन्या यंत्राचा सिग्नल चुकीचा ओळखतात. त्यांना वाटतं अर्धं अर्धं चित्र येतंय, दोन भाग जोडून एक करू. मग मारिओला कासव लागल्यावर तो जो लुकलुकतो, तिथे त्याच्या अंगावर कंगव्यासारख्या रेघा दिसतात किंवा तो चक्क गायब होतो. तुमच्याकडे असं होत असेल तर कॅसेट खराब समजू नका.

खरा उपाय म्हणजे जुना डबा टीव्ही. नातेवाइकांत विचारा, कुणाच्या तरी घरी धूळ खात पडलेला असतो. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे, पुण्यात असाल तर जुन्या बाजारात अजूनही मिळू शकतो. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद करून प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

जाता जाता कॅसेटबद्दल. फुंकर मारायची सवय सोडा. कॅसेट चालते ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पिनांवर गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. आणि सध्या ज्या अडॅप्टरवर यंत्र चालतंय तो जिवापाड जपा. तो गेला म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा लावू नका. गेमच्या जुन्या डब्यांत बऱ्याचदा पिनेचा आतला भाग ऋण असतो, राउटरच्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो. उलटं लागलं तर यंत्र गेलंच म्हणून समजा.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येतो. त्याचं अर्धं बरोबर आहे. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारी ॲप, उत्तम चालतात. अॅपलनेसुद्धा एप्रिल २०२४ मध्ये आयफोनवर त्यांना परवानगी दिली. मीही वापरतो. पण फोनवर मिळतं म्हणून हातातलं टाकायचं, हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण आठवणींपुरतं नाही.

त्याला पब्जीचं विचारा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर भारतातले सर्व्हर बंद झाले. पोरांनी पैसे घालून घेतलेले गेममधले कपडे आणि बंदुका तेव्हा कुणाच्याच हातात उरल्या नाहीत. त्याजागी आलेला बीजीएमआयही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. बंदी योग्य होती की नाही हा वेगळा विषय. मुद्दा असा की गेम कधी चालेल हे खेळणाऱ्याच्या हातात नव्हतं. बंदी नसतानाही हेच होतं. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' हा २०१४ चा मोटारींचा गेम मार्च २०२४ अखेरीस सर्व्हरसकट बंद केला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून डिस्क घेतली होती त्यांची डिस्कही निरुपयोगी झाली. त्यावरून युरोपात सह्यांची मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने १० लाखांचा टप्पा ओलांडला. मला ही मोहीम मनापासून पटते. विकलेला गेम कंपनीने नंतर मारून टाकू नये, एवढंच मागणं आहे.

तुमच्या हातातला सुपर मारिओ १९८५ चा. सगळा मिळून ४० किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर आलेला शुभ सकाळचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्राचे केलेत, रंग तेवढा वेगळा. नीट बघा, आकार तंतोतंत तोच आहे. तो कॅसेटमधल्या चिपवर कायमचा लिहिलेला आहे. लॉगिन नाही, अपडेट नाही, कुणाची परवानगी नाही.

तुमचा डबा म्हणजे जपानमध्ये १९८३ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असणार, हेही सांगायला हवं. आपल्याकडच्या घरांत बहुतेक तेच आले. उघडलात तर बहुतेकदा मोठ्या प्लॅस्टिकच्या आत जवळपास मोकळी जागा, मध्ये तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्यावर वाळलेला काळा राळेचा थेंब. त्या थेंबाखाली अख्खं यंत्र आहे. कॅसेटही बहुधा विनापरवाना छापलेली असेल. गेम बनवणाऱ्यांना त्यातून काही मिळालं नाही, हे वाईटच. तरीही मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांच्या हाती पहिला जॉयस्टिक आला तो याच डब्यांमुळे.

त्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये खरे गेम थोडेच असतात. मेनू तोच मारिओ वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करतो आणि दर वेळी नवं नाव देतो. ही नावं, मेनूचं चित्र, मागचं संगीत कॅसेटगणिक बदलतं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अशा मेनूंची मी यादी करतोय. तुमच्या कॅसेटवरच्या लेबलचा आणि मेनूच्या पहिल्या पानाचा फोटो प्रतिसादात टाकलात तर मला खरंच हवा आहे.