अंगठ्याजवळचे हाड आणि चपलेचे माप

प्रश्न : माझे वय ५४ असून मी शाळेत शिक्षिका आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुंध्याशी हाड वाढत चालले आहे, अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकला आहे आणि दिवसभर उभे राहिल्यावर तिथे ठणका लागतो. आईचाही पाय असाच होता. शस्त्रक्रियेची भीती वाटते. मुलीने रात्री बांधायची पट्टी मागवली आहे. तिने अंगठा सरळ होईल का?

उत्तर : होणार नाही. बांधलेली असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो, सोडली की पुन्हा झुकतो. पट्टीने रात्री आराम वाटत असेल तर जरूर वापरा, पण जाहिरातीतल्या छायाचित्रांवर विसंबू नका.

डॉक्टर ज्याला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ किंवा ‘बनियन’ म्हणतात, त्यात बहुतांशी नवे हाड वाढत नाही. अंगठ्यामागचे चवड्यातले लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे सरकते, अंगठा उलट दिशेला झुकतो आणि मधला सांधा उंचवट्यासारखा बाहेर येतो. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये या दोन हाडांमधला कोन साधारण १५ अंशांहून अधिक असला तर दोष आहे असे मानतात. पायाची ठेवण आणि सांध्यांचा सैलपणा आनुवंशिक असतो, त्यामुळे आईचा उल्लेख तुम्ही केलात ते योग्यच झाले. निमुळती पादत्राणे मूळच्या कलाला वेग देतात. प्रौढ वयात शस्त्रक्रियेवाचून हा कोन मागे फिरत नाही. वेदना मात्र पुष्कळ कमी होऊ शकते, आणि उपचार तिच्यावरच करायचा असतो.

तो चपलेपासून सुरू होतो. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, कागदावर अनवाणी उभे राहून पावलाची रेघ काढून घ्या आणि तिच्यावर रोजची चप्पल ठेवा. रेघ चवड्याच्या बाजूने बाहेर डोकावत असेल, तर दुखण्याचे निम्मे कारण समोरच आहे. नवे पादत्राण टाचेला बुटके, चवड्याला रुंद आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा सोडणारे असावे, आणि त्याचा पट्टा नेमका उंचवट्यावरून जाऊ नये. कोल्हापुरीचा कडक अंगठा याच जागी घासत असेल तर ती शाळेत घालू नये. चामड्याचा बूट फर्म्यावर ताणून त्या जागी सैल करून मिळतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

बोटांमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा उपयोगी पडतो, परंतु आधीच घट्ट असलेल्या बुटात तो घातला तर गर्दी वाढून दुखणेही वाढते. खुर्चीत बसून, पाऊल जमिनीला टेकवून बोटे फाकवणे आणि अंगठा शेजारच्या बोटापासून दूर ओढून पाच सेकंद धरणे, असे दहा-पंधरा वेळा रोज करावे. पोटऱ्या आखडल्या असतील तर चवड्यावर भार जास्त येतो, म्हणून त्याही ताणाव्यात. ठणका असताना कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरावा. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असेल तर.

एका रात्रीत सांधा लाल, गरम आणि स्पर्शही न सोसणारा झाला, तर तो गाऊट, म्हणजे युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचून होणारा दाह, असू शकतो. त्याची तपासणी व औषधे वेगळी असतात. मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर बर्फ लावू नये, घट्टा घरी कापू नये आणि लहानशी जखम झाली तरी त्याच दिवशी दाखवावी. काही महिने हे सारे करूनही चालणे अवघड राहिले किंवा दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेविषयी बोलावे. केवळ पाय वेडावाकडा दिसतो म्हणून ती करू नये.