टोपिकची (कोरियन भाषेच्या परीक्षेची) चौथी लेव्हल झालीये, मराठी चित्रपुस्तकं कोरियनमध्ये करायचीत, जमेल का?

जमेल, पण एकट्याने नका करू. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन दक्षिण कोरियातल्या सुवॉनला आले, आणि लेकीसाठी म्हणून मराठी पुस्तकांच्या पानांवर कोरियन मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागले, तिथून हे वेड लागलं.

नात्यांचे शब्द आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा खूप सोपे जातात. आत्या म्हणजे कोमो, मावशी म्हणजे ईमो, मामा वेसामछोन, जोड्या लावा टाइप. पण काका आला की तो बाबांपेक्षा मोठा का धाकटा ते आधी शोधा. आणि दादा! हाक मारणारी मुलगी असेल तर ओप्पा, मुलगा असेल तर ह्यंग. एका गोष्टीत दादा म्हणणारं खारीचं पिल्लू होतं, मुलगा की मुलगी ते ना मजकुरात ना चित्रात, शेवटी मी आपलं ओप्पा ठोकून दिलं.

खरी गंमत आवाजांची. कोरियनमध्ये स्वर बदलला की वस्तूचं वजन बदलतं. छोटा खडा पाण्यात पडला तर फोंगदांग, मोठा धोंडा पडला तर फुंगदंग. मला हे माहीत होतं हो, तरी बेडकाच्या पिल्लाच्या उडीला मी फुंगदंग लिहिलं, कारण कानाला ते आपल्या डुबुकपेक्षा भारी वाटलं. लायब्ररीत वाचून दाखवताना सहा वर्षांचा एक मुलगा खो खो हसत म्हणाला, हत्ती पडला का? तेव्हापासून असा प्रत्येक शब्द आधी कुठल्यातरी कोरियन पोराला मोठ्याने वाचून दाखवते, मग पक्का करते.

दुसरं म्हणजे पान उलटणं. मराठीत आपण बिनधास्त लिहितो, "आणि झाडामागे होता..." आणि पुढच्या पानावर वाघ. कोरियन लिखाणात क्रियापद शेवटीच लागतं, त्यामुळे 'होता' आधी टाकून वाघ मागे ठेवता येत नाही. शेजारच्या ईमोने (आईच्या वयाच्या परक्या बाईलाही इथे ईमो म्हणतात) युक्ती सांगितली, सरळ प्रश्न विचार, झाडामागे कोण असेल बरं? आणि पान उलटल्यावर नुसतं "होरांगी!" मूळ वाक्य गेलं पण मुलं त्याच जागी दचकतात, मला तेवढं पुरे.

निवेदन कुठल्या सुरात ते पहिल्याच पानावर ठरवा. 'गेला'साठी कास्सोयो लिहिलंत तर कोणीतरी मांडीवर घेऊन सांगतंय असं वाटतं, कात्ता लिहिलंत की गोष्ट जरा लांबून सांगितल्यासारखी होते. मधेच बदललंत तर लगेच खटकतं. मी बहुतेक वेळा यो वालंच घेते.

सरावाला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरची पुस्तकं घ्या, खुल्या परवान्यावर आहेत, मूळ लेखक-चित्रकारांचं नाव दिलं की भाषांतर करता येतं. विकत घेतलेल्या पुस्तकाचं छापायचं असेल तर मात्र आधी प्रकाशकाची लेखी परवानगी.

आणि चांदोमामाचा मामा शब्दशः नेऊ नका, मुलं विचारतील कोणाचा मामा. तिथे दालनिम म्हणतात, चंद्राला आदराने निम लावून. ससा मात्र खुशाल राहू द्या, चंद्रावरचा ससा त्यांनाही दिसतो, फक्त त्यांचा ससा उखळ-मुसळ घेऊन तॉक (तांदळाचा केक) करायला तांदूळ कांडत बसलेला असतो.