मुलगा कपडे शिवतो, हे मुलींना सांगावं का?

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं परदेशात आहोत. मुलगा २९ वर्षांचा, नोकरी चांगली. काही वर्षांपासून त्याला शिवणकामाचा नाद लागलाय, स्वतःचे शर्ट स्वतः शिवतो. डेटिंग ॲपवर त्याने मशीनवर बसलेला फोटो टाकलाय. माझी जाऊ म्हणते, तो काढायला लाव, मुली नाक मुरडतील. तो ऐकत नाही. काय करू?

उत्तर : ताई, फोटो बदलायला जरूर सुचवा, पण छंद लपवायला सांगू नका. मशीनवर वाकलेल्या माणसाचा चेहरा धड दिसत नाही, एवढीच त्या फोटोची अडचण. त्याऐवजी स्वतः शिवलेला शर्ट घालून, चांगल्या उजेडातला फोटो लावावा आणि खाली एक ओळ लिहावी : ‘हा शर्ट मी शिवलाय.’ प्रवास आवडतो, सिनेमे आवडतात, असं जो तो लिहितो. त्यावर मुलीने विचारायचं तरी काय? शर्टाबद्दल विचारता येतं. कुठे शिकलास, कॉलर कशी जमली, पहिला शर्ट घालण्याजोगा झाला होता का?

‘शिवणं हे बायकांचं काम’ हे जाऊबाईंच्या मनात असणार. पण पैसे घेऊन शिवणारे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक पुरुषच होते. बार्तेलमी तिमोनिये या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश त्यावर शिवायला सुरुवात केली. पोटावर पाय येईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी पुढच्याच वर्षी त्याची यंत्रं मोडून टाकली. सिंगरची मशीन हप्त्यांवर मिळू लागली ती १८५६ पासून, आणि मग ती घरोघरी शिरली. थोडक्यात, मोबदला मिळाला की काम पुरुषाचं आणि घरात फुकट करायचं ते बाईचं, अशी ही वाटणी होती. तुमच्या मुलाने त्या वाटणीला बांधून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही.

मुलींना हे आवडतं का? काहींना फार आवडतं, काहींना मुळीच नाही. ज्यांना नाही, त्यांचं उत्तर फोटो बघूनच कळलं तर दोघांचाही वेळ वाचतो. ज्यांना आवडतं त्यांना नुसतं मशीन आवडत नाही. कापड हातात घेऊन बेतणारा, बाही मुंढ्यात उलटी बसली तर टीप उसवून पुन्हा लावणारा माणूस त्यांना दिसतो. आपलं काम कोणाच्या गळ्यात न घालता करणारा पुरुष बघायला मिळणं अनेक मुलींना अजूनही नवं आहे. अर्थात छंदावरून स्वभाव ठरत नाही. बॉबिनचा दोरा गुंतला की घर डोक्यावर घेणारेही असतात. तो तसा असेल तर मुलीला ते दिसणारच.

पहिल्या भेटीबद्दल मात्र त्याला नक्की सांगा. तिच्या कुर्त्याची शिलाई कशी आहे, यावर न विचारता बोलू नये. ‘तुझ्यासाठी ड्रेस शिवू का’ असंही इतक्यात म्हणू नये. ड्रेस म्हणजे माप आलं, माप म्हणजे अंगाजवळ टेप आली. नव्या ओळखीत ते अवघड होतं, आणि शिवून दिलेला ड्रेस आवडला नाही तरी घालावा लागेल याचं तिला ओझं. फारच हौस असेल तर पुढे कधीतरी कापडी पिशवी द्यावी, तिला माप लागत नाही. आणि तिने विचारलं तर थोडक्यात सांगून तिच्याही छंदाबद्दल विचारावं. इंटरफेसिंगचे, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात त्या कापडाचे, प्रकार अर्धा तास ऐकायला कोणी आलेलं नसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण अशा प्रश्नांमागे ती बरेचदा असते : लोक मुलाबद्दल ‘भलतंच’ काही समजतील का? कोणाला कोण आवडतं हे सुई-दोऱ्यावरून कळत नाही, पुरुषाचंही नाही आणि बाईचंही नाही. तुमच्या मनात खरोखर हा प्रश्न असेल तर शिवणकामाच्या आडून विचारू नका. ‘तुला जे कोणी आवडेल, आम्हाला मोकळेपणाने सांग’ एवढं एकदा त्याला म्हणा आणि मग त्याला त्याच्या वेळेने बोलू द्या.

जाऊबाईंना काय सांगायचं? सांगा, ‘तो शर्ट त्यानेच शिवलाय आणि मला फार आवडला.’ हे मुलाच्या देखत म्हणा. घरच्यांनी खाली मान घातली की मुलगाही तो विषय चोरून बोलू लागतो, आणि समोरच्या मुलीला खटकते ती ती चोरटी लाज.