तारीख सासूबाईंची, काका कुणाचे?

प्रश्न : सासूबाईंना जुन्या तारखा वारासकट आठवतात. '१२ मे १९९१, रविवार, तुझ्या साखरपुड्यात तुझ्या काकांनी मला जेवायलासुद्धा विचारलं नाही,' हे अजून ऐकवतात. कॅलेंडरात ताडून पाहिलं, वार बरोबर निघाला. पण माहेरचे सगळे म्हणतात, काका त्या दिवशी आलेच नव्हते! आता खरं कुणाचं मानू?
– एक सून, सातारा

उत्तर : सासू-सुनेच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात, पण तुमचं पत्र वाचून राहवेना. बत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागली की मी अमेरिकेतल्या अर्व्हाइन गावची गोष्ट काढायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेत, शिकलेलं मेंदूत कसं टिकतं याचाच अभ्यास करणारं केंद्र आहे. ते उभारणाऱ्या जेम्स मॅकगॉ यांना २००० साली जिल प्राइस या बाईंनी ईमेल केली : मला गेलेला एकेक दिवस आठवतो, आणि त्याचा जाच होतो. पुढे एकदा तिथे त्यांना आगाऊ न सांगता १९८० पासूनच्या ईस्टरच्या तारखा लिहायला सांगितल्या. बाई ज्यू, ईस्टरशी देणंघेणं नाही. दहा मिनिटांत २४ तारखा लिहिल्या. एकच चुकली, तीही दोन दिवसांनी. आणि शाळेत म्हणे पाठांतराच्या नावाने बोंब!

म्हणजे अशी माणसं असतात. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्याच संशोधकांनी अशा २० जणांपुढे शब्दांच्या याद्या ठेवल्या. आपल्याकडे करायचं तर अंथरूण, उशी, जांभई, डुलकी, स्वप्न. मग विचारायचं, यात 'झोप' होता का? तारखांचे हे बादशहाही चारचौघांइतकेच फसले. मी घरी करून पाहिलं, तर आमचे 'हे' 'झोप' होताच म्हणून शपथ घ्यायला तयार!

तरी सासूबाईंना खोटं पाडू नका. प्रसंग मनाला लागला की अंगात अ‍ॅड्रिनालिन उसळतं आणि मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या भागामार्फत ती आठवण पक्की होते. मॅकगॉ यांचं आयुष्य यावरच्या संशोधनात गेलं. सासूबाईंना कुणीतरी जेवायला विचारलं नसणार, हे मला पटतं. ते काकाच होते का, एवढाच प्रश्न. त्या दिवशी पंगतीत आग्रह करायला कोण होतं, ते माहेरी विचारा. माळ्यावरचा अल्बम काढा. फोटोत काका निघाले, तर मला नाही, आधी सासूबाईंना कळवा.