न उघडलेली साइट लॉगमध्ये येते कशी?

प्रश्न : नागपूरच्या नंदनवन भागात माझी अभ्यासिका आहे. बारा कॉम्प्युटर, एक राउटर. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अशा साइटची नावं दिसतात ज्या मुलांनी उघडल्याच नाहीत म्हणतात. त्यात एका बँकेचंही नाव आहे. मग हे कोण उघडून राहिलं? व्हायरस समजायचा का?
— अभ्यासिकाचालक, नंदनवन

मुलांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. बहुतेक वेळा हे काम ब्राउझरचं असतं. तुम्ही पुढे कुठे जाणार याचा तो अंदाज बांधतो आणि तयारी आधीच करून ठेवतो. या तयारीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) विचारून घेणं, म्हणजे डीएनएस. दुसरी, त्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवणं. तिसरी, अख्खं पानच पडद्याआड उतरवून ठेवणं. तुमचा राउटर बहुधा डीएनएसची विचारणा नोंदवतो, त्यामुळे पहिल्या पायरीवरच नाव लॉगमध्ये चढतं. पान कोणी उघडलं की नाही, हे त्या नोंदीवरून कळतच नाही.

एका कॉम्प्युटरवर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम://प्रेडिक्टर्स’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून बघा. कोणती अक्षरं टाइप केल्यावर कोणती साइट उघडली गेली, अंदाज कितीदा बरोबर आला, कितीदा चुकला आणि भरवसा किती, असा तक्ताच समोर येतो. समजा, इंग्रजी ‘एम’ दाबल्यावर दर वेळी महावितरणचं बिलाचं पान उघडलं गेलं असेल, तर पुढच्या वेळी ‘एम’ दाबताच क्रोम तिकडे धावतो, मग मुलाला भले मराठी विश्वकोश उघडायचा असो. भरवसा 50 टक्क्यांच्या वर गेला की तो जोडणी करून ठेवतो, 80 च्या वर गेला की पानच उतरवतो. बँकेचं नाव असंच आलं असण्याची शक्यता मोठी. कोणीतरी कधीतरी त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम केलं असणार. पट्टीत ती सूचना आली की बाणाच्या कळीने तिच्यावर जा आणि शिफ्ट-डिलीट दाबा.

व्हायरसची शंका फेडायची तर ब्राउझर पूर्ण बंद करून दहा मिनिटं लॉग बघा. क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ‘बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा’ हा पर्याय असतो, तो आधी बंद करा. ब्राउझर बंद असतानाही अनोळखी नावं येतच राहिली तर मात्र कॉम्प्युटर तपासायला द्या.

आता हे सगळं बंद करावं का? वेगाचा हिशेब असा. फेरी म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येणं. नवीन साइटसाठी डीएनएसची एक फेरी, टीसीपीची (जोडणी जुळवायची) एक आणि टीएलएस 1.3 ची (जोडणी सांकेतिक करायची) एक (1.2 असेल तर दोन), आणि मगच पान मागता येतं. सर्व्हर मुंबईत असेल तर नागपुरातून एका फेरीला साधारण 20–30 मिलिसेकंद लागतात. तिन्ही वाचल्या तरी डोळ्याला फरक कळत नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल तर एकेक फेरी पाव सेकंदाच्या आसपास जाते आणि तिथे फायदा खरंच जाणवतो. उलट बाजूला, अंदाज चुकला तरी तुमचा आयपी त्या सर्व्हरला कळलेला असतो आणि साइटचं नाव मधल्या इंटरनेट कंपनीला. नुसत्या जोडणीत कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, जात नाही. पान उतरवलं तर मात्र जाऊ शकते. क्रोम न वापरलेली जोडणी सुमारे दहा सेकंदांत सोडून देतो, पण तोवर नाव पोचलेलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरवर मी पहिल्या दोन पायऱ्यांना हात लावणार नाही. अभ्यासिकेत, जिथे एकाच खुर्चीवर दिवसभरात चार जण बसतात, तिथे तिसरी बंदच हवी. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स, प्रीलोड पेजेस. फायरफॉक्समध्ये आगाऊ जोडण्या थांबवायच्या तर ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘नेटवर्क.एचटीटीपी.स्पेक्युलेटिव्ह-पॅरलल-लिमिट’ शून्य करा. ओळख लपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टॉर ब्राउझरमध्ये ते आधीपासूनच शून्य असतं. इथे बरेच जण फसतात, कारण या शून्याने फक्त आगाऊ जोडण्या थांबतात. डीएनएसची आगाऊ विचारणा थांबवायला ‘नेटवर्क.डीएनएस.डिसेबलप्रीफेच’ वेगळं ‘ट्रू’ करावं लागतं. आणि शोधसूचना तर निराळीच गोष्ट. त्या चालू असतील तर पट्टीत टाइप केलेली अक्षरं सर्च इंजिनकडे जात राहतात, प्रीलोड बंद असो की चालू.

सिक्युअर डीएनएस लावलंत तर विचारणा सांकेतिक होऊन जाते, पण मग ती तुमच्या राउटरच्या लॉगमध्येही दिसणार नाही. लॉग हवा की गुप्तता, हे आधी ठरवा.

प्रश्न : आयफोनवर हे कुठे बंद होतं?
— वाचक, धरमपेठ

सफारीच्या सेटिंगमध्ये ‘प्रीलोड टॉप हिट’. नव्या आयओएसमध्ये सफारी ‘ॲप्स’ या विभागात गेलं आहे.

प्रश्न : इतवारीत आमचं साड्यांचं दुकान आहे, साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर. 6.8 वर अपडेट केल्यापासून सर्व्हरच्या लॉगमधले हिट वाढल्यासारखे वाटतात. गिऱ्हाईक खरं किती समजायचं?
— वाचक, इतवारी

एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 6.8 पासून वर्डप्रेस पुढचं पान आधी मागवायची सूचना ब्राउझरला स्वतःच देतं, फक्त लॉगिन न केलेल्या पाहुण्यांसाठी आणि पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची पद्धत) साध्या, म्हणजे ‘प्लेन’, नसतील तरच. पद्धत सावध आहे. बोट किंवा माउसचं बटण लिंकवर दाबलं की मगच पान मागवलं जातं, त्यामुळे फुकट गेलेले अंदाज थोडेच असतात. अशा मागणीसोबत ‘सेक-पर्पज’ नावाचं हेडर (माहितीची एक ओळ) येतं आणि त्यात ‘प्रीफेच’, म्हणजे आगाऊ मागणी, असं लिहिलेलं असतं. ते लॉगमध्ये नोंदवायला होस्टिंगवाल्याला सांगा, वेगळं मोजता येईल. पाहुणे मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सचे आकडे यामुळे फुगत नाहीत, कारण नुसत्या प्रीफेचमध्ये पानावरची मोजणीची स्क्रिप्ट चालतच नाही.

‘कार्टमध्ये टाका’ हे बटण म्हणजे नुसती लिंक असेल तर मात्र बघून घ्या, नाहीतर आगाऊ मागणीनेच साडी कार्टमध्ये पडू शकते. प्रश्नचिन्ह असलेले पत्ते वर्डप्रेस आपणहून वगळतं. तुमचा पत्ता प्रश्नचिन्हाशिवायचा असेल, तर त्या लिंकच्या कोडमध्ये ‘नो-प्रीफेच’ हा क्लास (एक खूण) लावून द्या.