नव्या गाडीवरचे फॅक्टरी स्ट्राइप: वाकडे, फुगलेले, सुटलेले. तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

रेसिंग स्ट्राइपबद्दल बरेच प्रश्न साचलेत. बहुतेक अमेरिकेतल्या आपल्या लोकांचे आहेत, कारण फॅक्टरीतूनच पट्टे लावून येणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या गाड्या तिकडे जास्त, पण एक पुण्याचाही आहे. उत्तरांआधी सगळ्यांना एकच सांगतो, गाडी दुरुस्तीला टाकायच्या आधी दोष नक्की कशात आहे ते शोधा, फिल्ममध्ये (पट्ट्याचं चिकटवलेलं विनाइल), रंगात की खालच्या पत्र्यात. वरून तिन्ही सारखेच दिसतात आणि इलाज मात्र तिन्हीचे वेगळे, चुकीच्या जागी हात घातला की चांगली गाडी बिघडते.

प्रश्न (ट्रॉय, मिशिगन): नवीन व्ही८ कूपे घेतली, पांढरी, वर दोन निळे पट्टे, पट्टे फॅक्टरी ऑप्शन. घरी आणल्यावर लक्षात आलं की बंपरवरचे पट्टे आणि हूडवरचे (बॉनेटवरचे) पट्टे एका रेषेत नाहीत, साधारण ४ मिमी फरक आहे. डीलर म्हणतो सगळ्याच गाड्यांना एवढं असतं, टॉलरन्समध्ये आहे. बायको म्हणते तू उगाच खुसपट काढतोस. खरंच काढतोय का?

अजिबात नाही. त्या पट्ट्याचं कामच ते आहे, गाडीच्या मधोमध सरळ रेषेत जाणं, तेच जमत नसेल तर पैसे कशाचे घेतले? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिग्ज कनिंगहॅम हा अमेरिकन रेसर फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीला पांढऱ्या गाड्यांवर निळे पट्टे ओढून उतरायचा, अमेरिकेचे रंग म्हणून, आणि पुढे १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मुळे तेच पांढरं-निळं रस्त्यावर आलं. त्या काळी बऱ्याच जीटी३५० गाड्या हूड-छतावरच्या पट्ट्यांशिवायच बाहेर पडायच्या आणि डीलर आपल्याकडे रंगवून द्यायचे, त्यामुळे पट्टे थोडे इकडेतिकडे झाले तर कोणी काही बोलत नसे. आज फॅक्टरी बिलात वेगळी ओळ टाकून त्याचे पैसे लावते, मग ती सबब चालत नाही.

आता मोजायचं कसं ते सांगतो. फोनने जवळून काढलेला फोटो पुरावा म्हणून दाखवू नका, वाइड लेन्स सरळ रेषसुद्धा वाकडी दाखवते, पाच-सहा मीटर मागे जा, झूम करा आणि मग काढा. त्यानंतर साधा मेजरिंग टेप घ्या, त्याच्या धातूच्या टोकाने रंगाला ओरखडा पडेल म्हणून टोकाला मास्किंग टेप गुंडाळा, आणि हूडच्या डाव्या कडेपासून डाव्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, तसंच उजवीकडे. हे पुढे, मध्ये आणि काचेजवळ असं तीन ठिकाणी करा. दोन्ही बाजूंचं माप सारखं आलं तर पट्टे हूडच्या मधोमध आहेत आणि गुन्हेगार दुसराच आहे. मग हूड आणि फेंडरमधली फट बघा, डावीकडे ३ मिमी आणि उजवीकडे ६ असेल तर हूडच सरकलाय. हूड बिजागऱ्यांच्या बोल्टवर थोडा सरकवता येतो, बंपर तर प्लास्टिकचा, क्लिपांवर बसतो, तोही सरकतो. अशा वेळी आधी पॅनल सरळ करून घ्यायचे, पट्ट्याला हात लावू द्यायचा नाही. उलटं झालं, म्हणजे वाकड्या हूडवर कोणी पट्टे काढून बंपरशी जुळवून नवे लावले, तर पुढे कधीतरी हूड सरळ केला की पट्टे पुन्हा वाकडे.

फटी सारख्या आणि पट्ट्यांचं माप वेगळं, तर पट्टेच चुकीचे लागलेत, ते बदलून मागा. टॉलरन्स म्हणतात ना, मग किती मिलिमीटर ते लेखी द्या म्हणावं. आणि काचेवरचा मनरोनी स्टिकर फेकला असेल तर डीलरकडून प्रत काढून घ्या. १९५८ च्या कायद्यापासून नव्या गाडीवर तो लावावाच लागतो आणि फॅक्टरीतून काय लागून आलं हे त्यावर छापलेलं असतं. पट्टे त्यावर असतील तर कंपनीची वॉरंटी. शेजारी डीलरने लावलेल्या दुसऱ्या कागदावर असतील तर पट्टे डीलरने लावलेत, मग भांडण कंपनीशी नाही, डीलरशी.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): जानेवारीत डिलिव्हरी घेतली, काळ्या विनाइल पट्ट्यांत बबल आहेत, सगळ्यात जास्त उजव्या फेंडरवर. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो उन्हाळा आला की आपोआप बसतील. थांबू का?

काही बसतील, काही कधीच नाही, म्हणून आधी बबल कसला आहे ते ओळखा. नखाने हळूच दाबा. आतलं इकडून तिकडे सरकलं तर ते पाणी, ओल्या पद्धतीने फिल्म लावताना साबणपाणी मारतात त्यातलं उरलेलं, ते थोड्या आठवड्यांत जातं, थंडीत जास्त वेळ लागतो. दाबल्यावर बसला आणि सोडल्यावर परत फुगला तर हवा. चांगल्या फिल्मच्या गोंदात हवा निघायला बारीक खाचा असतात, उबेत अंगठ्याने कडेकडे ढकलली तर निघूनही जाते. आणि नखाला कडक दाणा लागला तर ती धूळ, तो दाणा सात उन्हाळे गेले तरी तिथेच राहणार, तो पट्टा बदलायचा. ब्लेडने टोचायचं मात्र नाही, कोणीही सांगितलं तरी.

थंडीचा मुद्दा खरा आहे. हा गोंद दाबाने चिकटतो आणि पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस जातात, तेही उबदार जागेत. साधारण १६ अंशांखाली लावलेली फिल्म वरून चिकटल्यासारखी दिसते पण पकडत नाही.

पण मला काळजी वाटली ती तुमच्या एका फेंडरची. बबल सगळीकडे सारखे असते तर लावणाऱ्याचा हात खराब म्हटलं असतं, एकाच पॅनलवर गर्दी म्हणजे खालचा रंग तपासा. फॅक्टरीत रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, फिल्म लागेपर्यंत त्यातलं सॉल्व्हंट उडून गेलेलं असतं. बॉडी शॉपमध्ये गाडी पूर्ण जोडलेली, आत प्लास्टिक आणि वायरिंग, तिथे ६० अंशांच्या वर जाता येत नाही, त्यामुळे नव्या रंगातून पुढचे काही आठवडे वाफ निघत राहते. त्यावर घाईने फिल्म लावली की ती वाफ अडकते आणि दाबून बसवलेले बबल दुसऱ्या दिवशी परत हजर. म्हणजे ट्रकवरून उतरवताना फेंडर लागला, गुपचूप रंगवला आणि वर पट्टा चढवला, अशी शक्यता आहे. पेंटच्या जाडीचा मीटर एखाद्या डिटेलरकडून (गाड्या चकचकीत करून देणाऱ्याकडून) मागून घ्या, ॲल्युमिनियमवरही चालणारा हवा, कारण हल्ली हूड आणि फेंडर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. बाकी गाडीवर १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्या फेंडरवर २५०-३०० दिसले तर पट्ट्याची तक्रार बाजूला ठेवा आणि आधी रंगाचं विचारा.

याच प्रकाराचा अमेरिकेतला एक गाजलेला खटला आहे. अलाबामातल्या डॉ. आयरा गोर यांनी नवी काळी बीएमडब्ल्यू घेतली, काही महिन्यांनी गाडी चकचकीत करून घ्यायला नेली तेव्हा ती विक्रीआधीच काही भागांवर पुन्हा रंगवलेली निघाली. किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती गिऱ्हाइकाला सांगायची नाही असं कंपनीचं धोरणच होतं. ज्यूरीने ४० लाख डॉलर दंड लावला, अलाबामाच्या वरच्या कोर्टाने तो अर्ध्यावर आणला आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोही अवाजवी ठरवला, पण लपवलं होतं ही गोष्ट काही पुसली गेली नाही. किती दुरुस्ती झाली की सांगावंच लागतं याचे नियम राज्याराज्यात वेगळे, ते तुमच्या राज्याचे बघा.

प्रश्न (ह्यूस्टन): मी मुद्दाम जास्त पैसे भरून पेंट केलेले पट्टे घेतले, विनाइल नको म्हणून. पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर कड जाणवते, एका ठिकाणी रंग कडेबाहेर फुटलाय दातेरी आणि पट्ट्यात संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो. डीलर म्हणतो अर्धा तास द्या, बफ करून देतो.

बफरला, म्हणजे घासून चमकवायच्या मशीनला, थांबवा, बाकीचं नंतर.

पेंट केलेले पट्टे महाग का असतात ते आधी, म्हणजे तुम्ही कशाचे पैसे भरलेत ते कळेल. २०२० च्या शेल्बी जीटी५०० ला विनाइलचे पट्टे १,००० डॉलरला होते आणि पेंट केलेले १०,००० डॉलरला, दहापट. हे हाताचं काम आहे. मास्किंग टेप लावायचा, पट्ट्याचा रंग मारायचा, टेप योग्य वेळी काढायचा आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. टेपच्या जागी रंगाची पायरी तयार होते, त्यावर क्लिअर पसरतो, म्हणून कड नखाला थोडी लागणं हा एकट्याने दोष नाही, ती अगदीच लागू नये असं हवं असेल तर जास्तीचा क्लिअर मारून, घासून, परत क्लिअर मारावा लागतो. दातेरी कड मात्र दोष आहे, टेप नीट दाबलेला नव्हता आणि रंग खाली झिरपला. क्लिअरच्या खाली गेलेला तो दात कुठल्याही पॉलिशने निघणार नाही.

आता बफिंग का नको. क्लिअर कोट एकूण साधारण ४० ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि पट्ट्याच्या कडेवर तो सगळ्यात पातळ असतो कारण क्लिअर ओला असताना उंचवट्यावरून खाली ओघळतो. बफरचा पॅड नेमका त्याच उंचवट्यावर आधी घासतो. डीलरकडचा पोरगा संत्र्याची साल घालवायला सँडपेपर मारून अर्धा तास मशीन फिरवेल, गाडी आरशासारखी दिसेल, तुम्ही खूश होऊन घरी जाल आणि एक-दोन टेक्सासचे उन्हाळे गेले की बरोबर त्या कडेवर क्लिअर उडायला लागेल. तेव्हा वॉरंटीतून बाहेर पडायला त्यांच्याकडे आयतं कारण असेल की रंगावर नंतर काम झालंय.

पोत बाकी छतासारखाच असेल तर सोडून द्या, फॅक्टरीच्या रंगात थोडी साल असतेच. फक्त पट्ट्यातच असेल तर दोन्ही गोष्टी, दातेरी कड आणि पोत, रिपेअर ऑर्डरवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, कंपनीच्या प्रतिनिधीने स्वतः गाडी बघावी असा आग्रह धरा आणि काम कंपनीने मान्यता दिलेल्या बॉडी शॉपमध्येच होऊ द्या. तेही पूर्ण पॅनलचं, कडेपुरतं ठिगळ नको.

प्रश्न (फीनिक्स): दीड वर्षात छतावरचे पट्टे आकसले, कडेला गोंदाची काळी रेघ दिसते. वॉरंटीत बसेल?

पट्टे मनरोनीवर असतील आणि मूळ वॉरंटी चालू असेल, तिकडे बहुतेक कंपन्यांची ३ वर्षं किंवा ३६,००० मैल असते, तर आजच तक्रार नोंदवा. कास्ट फिल्म, म्हणजे पातळ ओतून बनवलेली, सहसा इतक्या लवकर आकसत नाही, कॅलेंडर्ड फिल्म आकसते कारण ती बनवताना ताणून लाटलेली असते. ॲरिझोनाच्या उन्हात आडव्या पृष्ठभागावर फिल्म बनवणारे स्वतःसुद्धा कमी मुदत देतात, म्हणून उशीर करू नका. विनाइल तडकल्यावर काढणं म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी उकरणं.

प्रश्न (पुणे, कोथरूड): मिनी कूपर आहे, बॉनेटवरचे पट्टे फॅक्टरीचे. पुढच्या बाजूला कोपरे उचललेत. शोरूमवाले म्हणतात वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने गेलं, आमची जबाबदारी नाही. वरून पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) मारला तर दबेल का?

कोपरा बघून बऱ्यापैकी सांगता येतं. प्रेशरच्या पाण्याने गेला तर टोक फाटलेलं, मागे दुमडलेलं असतं आणि सहसा एखाद्याच ठिकाणी. दोन्ही पट्ट्यांचे पुढचे कोपरे सारखेच, न फाटता सुटले असतील तर लावताना कडेला मेण किंवा पॉलिश राहिलं होतं, नाहीतर वळणावर फिल्म ताणून बसवली आणि नंतर हीट गनने नीट भाजली नाही. ताणलेल्या फिल्मला ९० अंशांच्या वर गरम केलं नाही तर ती आपल्या मूळ आकारात परत यायला बघते. हे फोटोसकट ईमेलवर लिहा, तोंडी बोलू नका. दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि खरं सांगायचं तर शोरूमला तक्रार क्रमांक कळवला की बोलण्याचा सूर बराच बदलतो.

पीपीएफ आत्ता नको. सुटलेल्या कोपऱ्यात माती गेलीय, ती आत बंद होईल आणि पुढे कधी पीपीएफ काढायची वेळ आली तर पट्टा त्याच्याबरोबर उचलून येईल. आधी पट्टा बदला, मग विचार करा. तोवर वॉशवाल्याला सांगा, नोझल हातभर लांब धरायची आणि कडेवर आडवी मारायची नाही.

प्रश्न (टोरांटो): डीलर तयार झालाय, सगळे पट्टे काढून नवे लावून देतो म्हणतो. लगेच हो म्हणू ना?

हो म्हणा, पण मध्येच एकदा गाडी बघायला जायची अट घाला, जुने पट्टे निघाल्यावर आणि नवे लागायच्या आधी. पट्टे बऱ्याच वेळा जास्त लांब लावून गाडीवरच कटरने कापतात आणि हात जड असला की पातं फिल्मबरोबर क्लिअर कोटही चिरतं. पट्टा असेपर्यंत ती चीर झाकलेली असते. ॲल्युमिनियमच्या हूडवर चीर धातूपर्यंत गेली तर गंज लाल दिसत नाही, रंगाखाली पांढरट फोड येतात आणि ते पसरत जातात. म्हणून पट्टे निघाल्यावर टॉर्च आडवा धरून हूडची पुढची कड, छताच्या टोकाची कड आणि ट्रंकच्या झाकणाची कड बघा, केसासारखी सरळ रेघ दिसली तर तिथेच फोटो काढा आणि आधी रंगाचं काम करून घ्या. रंग मारल्यावर काही आठवडे थांबायला लावा, एडिसनवाल्यांना वर सांगितलंय त्याच कारणासाठी. नवे पट्टे लावताना कटरऐवजी नाइफलेस टेप वापरा म्हणावं, त्यात खाली एक बारीक दोरा असतो, तो ओढला की फिल्म कापली जाते आणि पातं रंगाला लागतच नाही. ते नाही वापरत म्हणाले तर पट्टे आधीच मापाने कापून आणायला सांगा.