द्राक्षाचा व्यापारी पैसे यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो कॉइन) देतो म्हणतोय, घ्यावेत का? (नाशिक)

नका घेऊ, सरळ बँकेत आरटीजीएसच मागा. मी इथं टॅक्स रिटर्नची कामं करतो म्हणून सांगतो, यूएसडीटीचे रुपये करायला लोक पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकतात आणि समोरच्याने पाठवलेले पैसे फसवणुकीतले निघाले, कुणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की तुमच्या खात्यातली रक्कम होल्ड, मग पिंपळगावच्या शाखेत गेलात तरी ते परराज्यातल्या सायबर पोलिसांकडे बोट दाखवणार (औषधवाल्याची उधारी काय थांबत नाय). वर विकताना १ टक्का टीडीएस, भाव वाढून नफा झाला तर त्यावर ३० टक्के टॅक्स, तिथं शेतीउत्पन्नाची माफी चालत नाही. अगदीच पर्याय नसेल तर एफआययूकडे (केंद्राची आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर स्वतःच्या केवायसी खात्यात घ्या, आणि कॉइन जमा दिसल्याशिवाय गाडी भरू देऊ नका, स्क्रीनशॉट काय कुणीपण बनवतं.